महायुद्धातला विमानतळ आणि उरलेली बांधकामं: ठेवायची की पाडायची?

कातळवाट (रत्नागिरी)
नेवाळीच्या धावपट्टीचा विषय निघाला की सगळे जमिनीवर बोलतात, बांधकामांवर कोणीच नाही, म्हणून हा धागा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ भलीमोठी लष्करी छावणी केली आणि नेवाळीला धावपट्टी. छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली, लांबलचक बराकीत मधे आडोसे करून एकेका खणात एकेक संसार, आणि 1949 ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही तिथले लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असंच सांगतात. पण बराकी पाडून वर मजले चढतायत आणि धावपट्टी नुसती पडून आहे. माझं म्हणणं, जे काही उभं आहे ते आधी मोजा, फोटो काढा, नकाशे करा, आणि त्यातलं एखाद-दुसरं बांधकाम तरी नीट राखा. आपल्याकडे लष्करी इतिहास म्हणजे जलदुर्ग, त्यापुढे गाडी जातच नाही.

मलंगरोडकर
साफ विरोध. त्या धावपट्टीखाली आमची भातखाचरं आहेत. युद्धासाठी घेतलेली जमीन युद्ध संपलं की परत मिळणार, हे आमच्या घरात तीन पिढ्या ऐकतायत. 22 जून 2017 ला नौदलाच्या कुंपणाविरुद्ध जमिनीसाठी आंदोलन झालं, तेव्हा काय झालं ते आठवा, गाड्या जळल्या, पोलिसांच्या पेलेट गन (छऱ्यांच्या बंदुका) चालल्या, आमच्याकडची पोरं जखमी झाली. आणि तुम्ही म्हणताय भिंती जपा! एकदा का 'वारसा' असा शिक्का बसला की जमीन सुटायची राहिली बाजूला, अजून एक कुंपण पडेल.

सळई-सिमेंट (देवगड)
मी बांधकामातला माणूस, खर्चाचं बोलतो. युद्धातली बांधकामं टिकायला बांधलेलीच नसतात. इंग्लंडमध्येसुद्धा त्या काळी विमानतळावरच्या कितीतरी इमारती साडेचार इंची भिंतीच्या, मधे मधे खांब आणि वरून सिमेंटचा गिलावा, दहाएक वर्षं निघाली की झालं असा हिशोब. आपल्याकडे तर खारा वारा नि चार महिने पाऊस. काँक्रीटमध्ये सळई एकदा गंजायला लागली की ती फुगते आणि वरचं काँक्रीट आतून फोडते, बाहेरून रंग मारून काही होत नाही, खराब भाग फोडून सळई उघडी करून साफ करून परत भरायला लागतं. जांभ्याचं घर शंभर वर्षं ओढेल, पण हे नाही ओढायचं. कागदावर नोंद करा, मॉडेल करा, पाडून टाका.

जहाजी_गुहागर
दादा, पण इंग्लंडचंच उदाहरण घेतलंत तर पूर्ण घ्या ना. डक्सफर्ड म्हणून विमानतळ आहे केंब्रिजजवळ, मी बोटीवरून सुटी मिळाली तेव्हा जाऊन आलोय. 1938 ला पहिली स्पिटफायर विमानं तिथल्या स्क्वाड्रनला मिळाली, 1961 ला हवाई दलाने तो सोडला, नंतर काही वर्षं ओसच. आज तिथे इम्पीरियल वॉर म्युझियम आहे. तिथले जुने हँगर, म्हणजे विमानं ठेवायच्या शेड, तर पहिल्या महायुद्धातले, छप्पर बघत उभा राहिलो, लाकडाचे छोटे छोटे तुकडे जाळीसारखे खिळून एवढी मोठी कमान केलीय आणि मधे एक खांब नाही. तेही काही शतकभर टिकवायचं म्हणून बांधलं नव्हतं. देखभाल केली म्हणून राहिलं.

आक्षीवाला
वापर असेल तरच वास्तू राहते. आमच्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा बघा, मुंबईत ट्राम विजेवर जाणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडतील, तर 1904 पासून काम इथे आणलं. इमारत बांधताना चुंबकावर परिणाम करणारं सामानच वापरलं नाही. आजही काम चालू आहे म्हणून ती उभी. रिकाम्या बराकीला तुम्ही काय काम देणार, ते आधी ठरवा. कायद्याच्या भरवशावर तर राहूच नका, केंद्राच्या 1958 च्या कायद्यात संरक्षित स्मारकाला निदान शंभर वर्षं लागतात, महायुद्धातलं काहीही त्यात बसायला 2040 उजाडेल.

कातळवाट (रत्नागिरी)
@मलंगरोडकर, जमीन आणि बांधकाम हे प्रश्न मी वेगळे धरतोय. जमिनीचा निकाल तुमच्या बाजूने लागावा असंच मला वाटतं. पण आमच्याकडचा थिबा राजवाडा बघा, इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला त्याच्या मुलखातून उचलून इथे आणून ठेवलं, 1916 ला तो इथेच वारला. तो वाडा म्हणजे एका अन्यायाचाच पुरावा आहे, पण तो उभा आहे म्हणून शाळेतल्या पोराला ती गोष्ट दाखवता येते. पाडला असता तर इंग्रजांचं काय बिघडलं असतं?

मलंगरोडकर
राजाला वाडा तरी मिळाला, आमच्या लोकांना सातबाऱ्यावर नावही नाही. तुमचा मुद्दा कळतोय, राग तुमच्यावर नाहीये. पण मोजणी करायचीच तर नुसत्या इंग्रजांच्या भिंतींची नको. धावपट्टी यायच्या आधी कुठला बांध कुठे होता, कुठलं खाचर कोणाचं, तळी, विहिरी, पायवाटा, सगळं त्याच नकाशावर टाका, जुने फेरफार काढा. गावात सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे आधी जा. हे करणार असाल तर मी स्वतः सोबत फिरतो. उल्हासनगरची एखादी बराक ठेवा, तिथे माणसं राहिलीत, माझी ना नाही. धावपट्टीला मात्र माझा नकारच आहे, तिथे भातच लागलं पाहिजे.

सळई-सिमेंट (देवगड)
जुने फेरफार तहसीलला अर्ज केला की नकला मिळतात, पण बरेच मोडी लिपीत असतील, वाचणारा माणूस आधी बघून ठेवा. मोजणीला टेप आणि लेव्हल घेऊन मी येतो, पाडण्याबद्दलचं माझं मत तेच आहे.