नेल्सन एवढा मोठा, मग नुसता व्हाइस ॲडमिरलच कसा?

डोलकाठी:
मंडळी, एक शंका आहे, हसू नका. ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईबद्दल वाचत होतो तर तिथला इंग्रज सेनापती नेल्सन, त्याचा हुद्दा 'व्हाइस ॲडमिरल ऑफ द व्हाइट' असा दिलाय. लंडनमध्ये एवढ्या उंच खांबावर चढवलेला माणूस आणि साधा पूर्ण ॲडमिरल पण नाही? आणि हे व्हाइट काय प्रकरण आहे? शिवाय १८१२ च्या युद्धात अमेरिकेकडे बघावं तर एकही ॲडमिरल नाही, नुसते कॅप्टन नाहीतर कमोडोर. कोणी नीट सांगेल का?

चंदावल:
रिअर ॲडमिरलचं उत्तर माझ्या आयडीतच आहे बघा. मराठी फौजेत पुढे बिनीवाले, मागे चंदावल, तसंच इंग्रजांच्या आरमारात मधल्या तुकडीत ॲडमिरल, पुढच्या तुकडीत व्हाइस आणि पिछाडी सांभाळायला रिअर. पुढे आरमार वाढलं तशी लाल, पांढरी, निळी अशी तीन स्क्वॉड्रन झाली, लाल सगळ्यात वरची, आणि प्रत्येकीत हे तीन हुद्दे, म्हणजे रिअर ऑफ द ब्लू पासून सुरू करायचं, मग व्हाइट, मग रेड, मग व्हाइस ऑफ द ब्लू, असं एकेक पायरी चढत जायचं. नेल्सन १७९७ ला पहिल्या पायरीवर आला आणि १८०४ मध्ये व्हाइस ऑफ द व्हाइट झाला. खरी गोम अशी की एकदा कॅप्टन झालात की पुढे फक्त सिनिऑरिटी, कितीही लढाया जिंका, वरचा कोणीतरी मरेपर्यंत रांगेत उभं राहायचं. नेल्सन २० व्या वर्षी कॅप्टन झाला म्हणून ४७ व्या वर्षी मरेपर्यंत इथवर तरी पोचला.
आणि ज्याला जहाज द्यायचं नाही पण रांगेत नंबर आलाय अशा बाबाला कुठल्याच रंगाशिवाय रिअर ॲडमिरल करून घरी बसवायचे, त्याला खलाशी 'पिवळा' म्हणायचे :)

बाणकोटी:
सिनिऑरिटीवरून इंग्रज आरमारातला प्रोव्हो वॉलिस आठवला. बापाने ४ वर्षांचा असतानाच याचं नाव जहाजाच्या हजेरीपटावर घातलं, म्हणजे सर्व्हिस तिथपासून चालू! १८१३ मध्ये हा 'शॅनन' या इंग्रज जहाजावर सेकंड लेफ्टनंट होता, त्यांनी बॉस्टनसमोर अमेरिकन जहाज 'चेसापीक' धरलं पण कॅप्टन जबर जखमी, फर्स्ट लेफ्टनंट ठार, मग हॅलिफॅक्सला पोचेपर्यंत सहा दिवस जहाज वॉलिसच्या हातात. त्या सहा दिवसांवर माणूस जन्मभर जगला, कारण नंतर नियम असा आला की नेपोलियनच्या काळात ज्याने जहाजाची कमान सांभाळली त्याला रिटायर करायचं नाही. १८७७ ला ॲडमिरल ऑफ द फ्लीट झाला आणि १८९२ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी वारला तो ऑन ड्युटीच.

उसगावकर:
ते चेसापीक आमच्या बंदरासमोरचं, जखमेवर मीठ चोळू नका राव.
अमेरिकेचं म्हणाल तर काँग्रेसला ॲडमिरल या शब्दालाच राजेशाहीचा वास यायचा. म्हणून कॅप्टन हाच सगळ्यात वरचा हुद्दा, चार जहाजं हाताखाली दिली की मानाने कमोडोर म्हणायचं, बास. स्वातंत्र्ययुद्धात गाजलेला जॉन पॉल जोन्ससारखा माणूस शेवटी रशियात राणी कॅथरीनकडे जाऊन रिअर ॲडमिरल झाला. यादवी युद्धात फॅरागटने न्यू ऑर्लिन्स घेतलं तेव्हा कुठे १८६२ मध्ये तो पहिला रिअर ॲडमिरल, मग १८६४ ला व्हाइस आणि १८६६ ला ॲडमिरल, प्रत्येक वेळी पहिलाच. नंतर १८९९ मध्ये कमोडोर हुद्दाच काढून टाकला, त्यामुळे कॅप्टन एकदम दोन स्टारच्या रिअर ॲडमिरलवर उडी मारायचा आणि आर्मीचे एक स्टारवाले ब्रिगेडियर जनरल चरफडायचे. ते भांडण मिटवायला १९८० च्या दशकात 'रिअर ॲडमिरल लोअर हाफ' असं विचित्र नाव आलं. आपल्या नेव्हीत एक स्टारला अजूनही कमोडोरच म्हणतात, ते बरं.

डोलकाठी:
भारी! मग ट्रफाल्गरला धुरात कोण कुठल्या रंगाचं ते कळायचं कसं?

चंदावल:
म्हणूनच नेल्सनने सगळ्यांना पांढराच झेंडा लावायला सांगितला, त्याच्या खालोखालचा कॉलिंगवूड तर तेव्हा ब्लूचा होता. १८६४ ला रंगांची भानगड संपली, पांढरा नेव्हीला, निळा सरकारी जहाजांना, लाल व्यापाऱ्यांना. आपल्याकडेही तीच वाटणी आली, व्यापारी जहाजांवर अजून लाल झेंड्याच्या कोपऱ्यात तिरंगा असतो, आणि नेव्हीच्या पांढऱ्यावरचा इंग्रजांचा लाल क्रॉस २०२२ मध्ये गेला.

डोलकाठी:
अरे देवा. भाऊच्या धक्क्यावर पोराने तो लाल झेंडा दाखवून विचारलं होतं, मी ठोकून दिलं की जहाजात स्फोटकं आहेत. आता रविवारी परत न्यावं लागणार.