उबंटू २२.०४: अपडेटनंतर वायफायचा ड्रायव्हर बिल्ड होईना

तापीकाठ (चोपडा): रामराम मंडळी. अभ्यासिकेत उबंटू (लिनक्स) चालणारे ६ पीसी, सगळ्यांना यूएसबी वायफाय, चिप रिअलटेक ८८२१सीयू. कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.१५ वरून ६.८ वर गेलं आणि डीकेएमएस (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणारं साधन) अडलं: 'बिल्ड: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. नेट फक्त मोबाइलचं. खर्च शून्य हवा.

वाघूर_७: भाऊ, हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) नाहीत. /लिब/मॉड्यूल्स/ मधल्या ६.८ च्या फोल्डरात 'बिल्ड' ही लिंक हेडर्सकडे जाते, तेच गायब. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट पीसीला) चालू करा. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर) बिल्ड-इसेन्शियल डीकेएमएस', शेवटी 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल'.

धुळेकर_नेट: कशाला डोकं लावता? हजारभरात अँटेनावाला अडॅप्टर येतो. माझा लावल्या लावल्या चालला.

तापीकाठ: दादा, खर्च शून्य लिहिलंय. ६ नग म्हणजे ६ हजार.

बोदवड_टर्मिनल: नुसत्या हेडर्सने भागणार नाही. २२.०४ चा कंपायलर जीसीसी ११ आणि ६.८ बांधलंय जीसीसी १२ ने. मेक.लॉगमध्ये (बिल्डच्या नोंदींची फाइल) '-एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झिरो' हा पर्याय अनोळखी असल्याचं दिसलं, तर 'जीसीसी-१२' पण टाका.

वाघूर_७: हेडर्स आधी, हे मी सांगितलंच.

शिरपूर_पेंग्विन: बिल्ड करताच कशाला? ६.२ पासून कर्नलमध्येच आरटीडब्ल्यू८८ चा यूएसबी ड्रायव्हर आहे. जुना ड्रायव्हर डीकेएमएसमधून काढा, त्याने ब्लॅकलिस्टची (कर्नलचा ड्रायव्हर अडवणारी) फाइल टाकली असेल तर तीही. 'एलएसयूएसबी'त (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी) ०बीडीए:१ए२बी दिसलं तर अडॅप्टर अजून सीडी बनून बसलाय, यूएसबी-मोडस्विच टाका.

बोदवड_टर्मिनल: सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर बिल्ड होऊनही 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' येतं. एमओके की (ड्रायव्हरवरच्या सहीची आपली किल्ली) नोंदवा, रीस्टार्टला निळा पडदा येतो तिथे 'एनरोल'.

धुळेकर_नेट: एवढ्यात नवा अडॅप्टर घरी आला असता.

तापीकाठ: सगळ्यांचे आभार. एका पीसीवर करून पाहिलं: एचडब्ल्यूई मेटापॅकेज (नवं कर्नल आणणारं) काढलं, 'लिनक्स-जेनेरिक' (५.१५ वालं) टाकलं, ५.१५ वरून बूट करून ६.८ च्या इमेजेस काढल्या. ग्रब (बूट करणारा प्रोग्रॅम) सगळ्यात नवंच कर्नल उचलतं, म्हणून त्या ठेवल्या नाहीत. जुना ड्रायव्हर जीसीसी ११ वर एका दमात बिल्ड झाला. उरलेले ५ असेच करतो.

शिरपूर_पेंग्विन: अहो, ६.८ वर बिल्डच लागलं नसतं! ५.१५ ला पॅच येत राहतील, तेवढं बरं. पण दर कर्नल अपडेटला डीकेएमएस पुन्हा चालणार, 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' काढू नका.