‘हाय’ला उत्तर काय देऊ, कपाळ?

तिसरी घंटा (धागाकर्ती)

रविवारी संध्याकाळी आठवड्याची भाजी निवडून झाली की मी डेटिंग अ‍ॅप उघडते. परवा उघडलं तर नऊ नवे मेसेज. ओळीनं वाचून दाखवते : हाय. हाय. हायययय. हॅलो. हाय डिअर. हाय. नुसता हात हलवणारा इमोजी. हाय, जे१ (म्हणजे जेवण) झालं का? आणि नववा परत हाय.

माझ्या प्रोफाइलवर पाच फोटो आहेत. एक राजगडच्या नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, बसून काढलेला. एकात मी राज्य नाट्य स्पर्धेसाठी म्हातारीचा मेकअप करून बसलेय. एकात मांडीवर बोका, त्याच्या गळ्यात डॉक्टरनं घातलेली प्लॅस्टिकची कॉलर आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाचा राग. खाली चार ओळी आहेत, त्यातली एक मुद्दाम भांडण ओढवून घ्यायला लिहिलीय : ‘मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेडच.’

एवढं सगळं मांडून ठेवल्यावर समोरचा येतो आणि म्हणतो हाय. पुढचं सगळं मग मी ओढायचं. काय करतोस, मूळचा कुठला, सुट्टीत काय करतोस. मुलाखत मीच घ्यायची आणि चहाही मीच पाजायचा. नुसता हाय म्हणजे शुद्ध आळस, असं माझं मत. मी उत्तर देत नाही. मैत्रीण म्हणते मी शिष्ट आहे. बोला.

सातबारा

मैत्रीण बरोबर बोलतेय.

मी राहुरीकडचा, हिंजवडीत नोकरी, वय तेहतीस. पहिलं वर्ष शहाण्या मुलासारखा वागलो. प्रत्येक प्रोफाइल वाचायचो. एकीनं लिहिलं होतं, जुन्या दारांचे फोटो काढते. मी तिला आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजाबद्दल सहा ओळी लिहिल्या. आतला लाकडी अडसर अजून शाबूत आहे, रात्री आजोबा तो सरकवायचे तेव्हा सगळ्या घराला आवाज जायचा, वगैरे. वीस मिनिटं लागली. उत्तर नाही. अशी अकरा पत्रं पाठवली. दोन उत्तरं आली, त्यातलं एक ‘हाहा नाइस’.

मग हायवर आलो. उत्तरं तेवढीच येतात, वीस मिनिटं वाचतात. कडी वाजवताना कुणी भाषण करत नाही हो. दार उघडलं तर बोलू की.

उकडपेंडी

मी खारे दाणे घेऊन बसली आहे. चालू द्या.

तिसरी घंटा

सातबारा, अडसराच्या आवाजाला मी उत्तर दिलं असतं, शप्पथ. पण माझ्या दारात एका वेळी नऊ जण कडी वाजवतायत, हे तुम्ही सोडून देताय. कोण आलंय ते कळल्याशिवाय कडी कुणासाठी काढायची?

चौथा माळा

आकडे आहेत, तेही जुने. ओकेक्युपिड या अमेरिकन साइटनं २००९ साली पाच लाखांहून जास्त पहिले मेसेज तपासून पाहिले होते. ‘हाय’, ‘हे’ आणि ‘हॅलो’ ही तिन्ही संबोधनं सरासरीपेक्षा कमी उत्तरं मिळवणारी निघाली. कुठलंही संबोधन न घालता थेट विषयाला हात घातलेला मेसेजही हायपेक्षा बरा ठरला. दिसण्याची स्तुती केली की उत्तरं घटत होती. प्रोफाइलमधली नेमकी गोष्ट पकडली की वाढत होती.

म्हणजे धागाकर्ती जिंकली असं वाटेल. पण त्याच तपासणीत ‘हाउज इट गोइंग’नं झकास कामगिरी केली होती. त्यात तरी काय आहे? आपलं ‘काय चाललंय’च ते. मला तर वाटतं मेसेज बुद्धिमान असणं दुय्यम आहे. शेवटी प्रश्नचिन्ह असलं की समोरच्याला बॅट फिरवता येते, एवढंच.

सातबारा

माळेकर, २००९ मध्ये त्या साइटवर कुणीही कुणालाही लिहू शकत होतं. अनोळखी माणूस थेट पेटीत. तिथं पहिल्या ओळीनंच स्वतःला सिद्ध करावं लागणार, कबूल. टिंडर आलं २०१२ ला. तिथं दोघांनी एकमेकांचा फोटो उजवीकडे सरकवून पसंती दिल्याशिवाय सहसा बोलता येत नाही. म्हणजे मी हाय म्हणतो तेव्हा समोरचीनं माझा फोटो बघून आधीच होकार दिलेला असतो. पसंती झाल्यावर पुन्हा प्रवेश परीक्षा कसली?

तिसरी घंटा

पसंती नाही झालेली. पोह्यांची बशी पुढं आलीय फक्त.

काळी मैना

मी जरा दुसऱ्या बाजूनं बोलते, म्हणजे बायकांच्याच, पण विरोधात.

बंबल या अ‍ॅपवर जोडी जमली की पहिला मेसेज बाईनंच करायचा, हा त्यांचा २०१४ पासूनचा नियम होता. चोवीस तासांत केला नाही तर जोडी उडाली. मी तिथं दीड वर्ष होते आणि खरं सांगते, मी काय लिहायचे? हाय. ऑफिसमधून निघाले, लोकलला लटकले, अंधेरी गेलं, फोन दाखवतोय की तीन तास उरले. त्या वेळी माणसाच्या प्रोफाइलमधल्या ट्रेकवर काव्य सुचत नाही. लिहिला हाय आणि ठेवला फोन पर्समध्ये.

माझ्या मैत्रिणींचंही तेच. ज्या आम्ही वर्षानुवर्षं पुरुषांच्या हायवर हसत होतो, त्या आमच्यावर पाळी आली तेव्हा आम्हीही हायच पाठवला. कंपनीच्याही ते लक्षात आलं असावं, कारण २०२४ मध्ये त्यांनी सोय काढली : बाईनं एक प्रश्न आधीच लावून ठेवायचा आणि जोडी जमली की पुरुषानं त्याचं उत्तर द्यायचं. पहिलं बोलायचं ओझं आहे, हे ज्यांचा धंदाच त्यावर उभा होता त्यांनीही मान्य केलं. तेव्हा हायला आळस म्हणताना जरा सांभाळून. कधी तो थकवा असतो, कधी निव्वळ भीती.

तिसरी घंटा

हे लागलं. मी बंबलवर कधी गेलेच नाही.

मोडीवाचक

वयानं मोठा आहे, विषय माझा नाही, पण राहवत नाही.

गावी सकाळी वेशीवर भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘काय, कुठं निघालात?’ तुम्ही कुठं निघालात याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. तुम्हीही ‘हे काय, इथंच’ म्हणता आणि पुढं जाता. माहितीची देवघेव शून्य. मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ साली अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. मी वर्गात त्याला ‘बोलण्यासाठी बोलणं’ म्हणायचो. नातं चालू आहे एवढंच ते कळवतं. ‘जेवलात का’ त्यातलंच. त्याचं जे१ झालेलं पाहून जीव हळहळतो तो भाग वेगळा.

आता मेख. ही वाक्यं चालतात कारण वेशीवरचा माणूस तुम्हाला ओळखतो. तुमचा बाप कोण, शेत कुठं, सगळं त्याला ठाऊक असतं. परक्या गावात अनोळख्यानं ‘कुठं निघालात’ विचारलं तर आपण पिशवी घट्ट धरतो. हायचं तेच होतं. शब्द ओळखीचा, माणूस अनोळखी. तेव्हा परक्याला आपले लोक काय विचारायचे? ‘कुठले तुम्ही?’ आणि पुढच्या दोन वाक्यांत कुणीतरी मधला नातेवाईक सापडायचाच.

जाता जाता : हॅलो हा शब्द टेलिफोनवर रुळवला एडिसननं. बेलला ‘अहॉय’ हवा होता, जहाजावरच्यासारखा. दिसत नसलेल्या माणसाला हाक कशी मारावी हा घोळ तेव्हापासूनचा आहे. आपल्या राज्य सरकारनंही २०२२ च्या गांधीजयंतीपासून कर्मचाऱ्यांनी फोनवर हॅलोऐवजी वंदे मातरम् म्हणावं असं काढलं होतंच. डेटिंगवाल्यांना त्यातून सूट असावी.

उकडपेंडी

काका, शेवटच्या ओळीला दाणे सांडले माझे.

एडिसनकर

मोडीवाचक काका, मी त्याच एडिसनच्या नावाच्या गावात राहते, न्यू जर्सीत. इथं अर्धा बाजार आपलाच, ‘कुठले तुम्ही’ अजून चालतं. फक्त उत्तर ‘ठाण्याचे’ आलं की पुढचा प्रश्न ‘व्हिसा कुठला’ असतो.

मी हिंज या डेटिंग अ‍ॅपवर आहे. तिथं अख्ख्या माणसाला लाइक करताच येत नाही. त्याच्या एखाद्या फोटोवर किंवा त्यानं लिहिलेल्या एखाद्या ओळीवरच बोट ठेवावं लागतं, आणि तिथंच चार शब्द लिहिता येतात. फुकटात रोज मोजकेच लाइक. म्हणजे कुणी माझ्या पुरणपोळीच्या फोटोला लाइक करून नुसता हाय लिहिला तरी मला विषय कळलेला असतो. हाय वाईट की चांगला हे त्याच्याबरोबर काय येतंय त्यावर आहे. नुसता येतो तेव्हा मात्र धागाकर्तीशी सहमत.

सातबारा

बरं, आता माझी खरी तक्रार. सगळ्यांनी विचारपूर्वक लिहावं म्हणता ना? लिहितायत. पण स्वतः नाही. आमच्या खोलीवरचा एक पोरगा प्रोफाइलचा स्क्रीनशॉट चॅटबॉटला देतो, तो तीन ओळी करून देतो. त्यातल्या मधल्या ओळीत हटकून एक कोटी असते. दहा जणींना दहा वेगळे, विचारपूर्वक मेसेज, पाच मिनिटांत. त्याला उत्तरं येतात. पुढच्या वाक्याला बोंब, कारण तिनं काय लिहिलं होतं हेच पठ्ठ्याला माहीत नसतं.

अशा बाजारात माझा मुका हाय निदान माझा स्वतःचा आहे.

चौथा माळा

हायला हातमागाचा दर्जा दिला राव.

तिसरी घंटा

हसले, पण पटलं नाही. यंत्राचं पत्र वाईट म्हणून कोरा कागद चांगला कसा? मला मागे एक मेसेज आला होता : ‘नेढ्यात बसलात तेव्हा आग्यामोहोळ होतं का? आम्ही कुजबुजतसुद्धा नव्हतो.’ बास, दोन वाक्यं. तिथं गेलेल्यालाच सुचेल असं. त्या माणसाशी माझं काही जमलं नाही, पण तीन आठवडे छान बोललो.

उकडपेंडी

दाणे संपले, आता माझं ऐका. तुम्ही सगळे पुण्या-मुंबईचे नाहीतर परदेशातले. मी अकोल्याची. अ‍ॅप सांगते, हा मुलगा दोन किलोमीटरवर. बाप्पा, त्या दोन किलोमीटरांत माझे दोन मामा राहतात! चेहरा दिसेल असा फोटो मी लावूच शकत नाही. नावाचं पहिलं अक्षर, एक सूर्यास्त आणि एक चहाचा कप. ओळ एकही नाही, कारण कुठं शिकवते ते लिहिलं की ओळखलीच गेली.

आता सांगा, समोरच्यानं माझ्या प्रोफाइलमधलं काय पकडावं? कप? एकानं पकडला होता, ‘कप छान आहे’. मला हसूच आलं. आमच्याकडे हायच येते आणि हायलाच उत्तर जाते. मग दोघं हळूहळू चाचपतात, तू कोण्या भागातला, माझ्या ओळखीचा तर नाही ना. ओळखीचा निघाला तर दोघं गुपचूप पसार. बोलायला काय लिहावं ही अडचण राजगडवाल्यांची आहे. आमची अडचण दिसायचं किती, ही आहे.

मोडीवाचक

म्हणजे ओळख काढायला नव्हे, ओळख नाही याची खात्री करायला ‘कुठले तुम्ही’. साठ वर्षांत हा उपयोग सुचला नव्हता.

काळी मैना

उकडपेंडी, हा वेगळा धागा व्हायला हवा. काढाच.

तिसरी घंटा

दहा दिवसांनी परत आलेय. उकडपेंडीचं डोक्यात राहिलं म्हणून त्या नवातल्या पाच जणांना उत्तर दिलं. सगळ्यांना एकच : ‘हाय. राजगड की तोरणा?’ (हो, एकच वाक्य पाचांना चिकटवलं, सातबारांनी हसून घ्यावं.)

पहिला : ‘बोल.’ अरे, मीच बोललेय ना आत्ता? दुसरा : ‘व्हॉट्सअ‍ॅप नंबर?’ तिसरा गप्प. चौथा, म्हणजे जे१वाला, म्हणाला त्याला ट्रेक आवडत नाही आणि माझं जेवण झालं का. पाचव्यानं लिहिलं : ‘तोरणा. राजगडला गर्दी फार. आणि मिसळीबरोबर पावच, हे पहिल्या दिवशी लिहिणार होतो, भांडण होईल म्हणून हाय लिहिला.’

सातबारा

पाचांत एक. आमच्याकडे हवामानाचा अंदाजही एवढा खरा ठरत नाही.

काळी मैना

ते राहू दे. पाचव्याचं पुढं काय झालं?

तिसरी घंटा

रविवारी तोरणा. चौघं जातोय, मैत्रीण बरोबर आहे, उगाच पेटवू नका. डब्याला ब्रेड मी नेतेय.