आपल्याच टीममधल्याला मागं टाकून सुटणं चालतं का?

घाटातला_गियर:
मंडळी एक शंका विचारायची होती. रविवारी आम्ही सहा जण सायकलवर सोलापूर ते तुळजापूर गेलो, आमच्यातल्या एकाला घाट त्याच्या बेस्ट टायमिंगमध्ये चढायचा होता म्हणून ठरलं की पायथ्यापर्यंत बाकीच्यांनी आळीपाळीनं पुढं राहून वारा कापायचा आणि त्याला मागं जपून न्यायचं. तसं नेलंबी. घाट लागला आणि आमचाच दुसरा एक भिडू, जो सगळ्या रस्त्यात एकदाबी पुढं आला नव्हता, तो सुटला की! ज्याच्यासाठी केलं तो त्याला धरायच्या नादात अर्ध्यातच फुटला. वर गेलो तर हा गडी निवांत चहा पीत बसलेला, वर म्हणतोय कसा, "पाय चालत होते, काय करू".
योगायोग म्हणजे त्याच रात्री यूट्यूबवर 2023 च्या व्हुएल्टाचा (स्पेनची तीन आठवड्यांची सायकल रेस) आंग्लिरू घाट बघायलो होतो. लाल जर्सी, म्हणजे रेसमध्ये पहिल्या नंबरवर असणाऱ्याची, सेप कुसच्या अंगावर, आणि त्याला सोडून रोग्लिच आणि व्हिंगेगार्ड पुढं, तिघंबी जंबो-विस्मा टीमचेच! प्रो लोकांत हे चालतं का?

शेंगाचटणी:
आधी त्या चहाचे पैसे कुणी दिले ते सांग बे 😄
नियमाचं म्हणशील तर असा लेखी नियम काही नाही. पण रिवाज पक्का आहे, आपला माणूस पुढं असेल तर त्याच्यामागं आपण जोर लावायचा नाही, दुसऱ्या टीमचा कुणी पाठलाग करत असेल तर त्याच्या चाकाला चिकटून फुकट जायचं. तुमच्या गड्यानं नेमकं उलटं केलं, फुकट आला तो तुमच्याच जिवावर.

जुना_रेले:
हे दुखणं आजचं नाही. 1985 च्या टूरमध्ये (टूर द फ्रान्स) ग्रेग लेमाँडचे पाय चांगले होते, पण टीमनं त्याला आवरलं आणि त्याच्याच टीमच्या, नाक फुटलेल्या बर्नार इनोनं पाचवी टूर जिंकली. इनो म्हणाला पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी राबणार. आणि 1986 ला केलं काय, तर पिरनीजमध्ये स्वतःच अटॅक करून पाच मिनिटांवर लीड घेतली, दुसऱ्या दिवशी परत गेला आणि मग फुटला! शेवटी आल्प द्युएझला दोघं हातात हात घालून लाइन ओलांडतात तो फोटो सगळ्यांनी बघितलाय, त्या दिवसाची स्टेज इनोच्या नावावर आणि अख्खी टूर लेमाँडची, 3 मिनिटं 10 सेकंदांनी. इनोचं म्हणणं, मी तर विरोधकांना दमवत होतो. माझा विश्वास नाही.
1987 चं जिरो (इटलीची तशीच रेस) तर याच्यापेक्षा भारी. पहिल्या नंबरची गुलाबी जर्सी विसेंतिनीकडं, आणि त्याच्याच कारेरा टीमचा स्टीफन रोश सपाडाच्या स्टेजला उतारावरनं सुटला. टीमनं काय करावं, तर बाकीच्या पोरांना रोशच्याच मागं लावलं. एकटा एडी शेपर्स तेवढा रोशच्या बाजूनं राहिला. विसेंतिनी त्या दिवशी पार कोलमडला, इटालियन पब्लिक रोशवर थुंकलं, पण त्यानं ते जिरो घेतलं, मग टूर घेतली आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपबी, तिन्ही एकाच वर्षात.

होटगी_रोड:
काका, रोशचं आणि कुसचं एका तागडीत नको. कुसनं 2023 ला तिन्ही ग्रँड टूर (जिरो, टूर, व्हुएल्टा) केल्या, जिरोत रोग्लिचसाठी आणि टूरमध्ये व्हिंगेगार्डसाठी डोंगरात राबला, आणि ते दोघं त्या जिंकलेबी. म्हणजे देणं त्यांच्यावर होतं. आंग्लिरूवर त्यांनी त्याला 19 सेकंद मागं टाकलं, व्हिंगेगार्डवर लीड उरली फक्त 8 सेकंदांची. आणि त्या चढावर कुस कुणाच्या चाकाला धरून वाचला माहितीये का, मिकेल लांडाच्या, म्हणजे दुसऱ्याच टीमच्या माणसाच्या!
पण मला वाटतं हे झालं कारण बाहेरचा शत्रूच उरला नव्हता. पहिले तिघं एकाच टीमचे, चौथा आयुसो शेवटी तीन मिनिटांहून जास्त मागं. कुणाला हरवायचं म्हणून घरातच भांडण लागलं. नंतर टीमनं ठरवलं की कुसलाच जपायचं आणि तो 17 सेकंदांनी जिंकला.
बाकी 2012 च्या टूरमध्ये फ्रूमनं ला तुसुईरच्या चढावर आपल्याच टीमचा लीडर विगिन्सला सोडलं तेव्हा रेडिओवरनं सांगितल्यावर तो थांबला. 2013 ला लीडर तोच झाला आणि टूर जिंकला, विगिन्स टूरला नव्हताच. थांबणाऱ्याचंबी मनात लक्षात असतं सगळं.

शेंगाचटणी:
आता ड्राफ्टिंगचं, म्हणजे पुढच्याच्या मागं वारा चुकवत जायचं. मागं बसलेल्याची साधारण 30 टक्के ताकद वाचते म्हणतात, म्हणजे तुमचा भिडू घाटाला लागला तेव्हा त्याची टाकी भरलेली आणि तुमच्या टाक्या रिकाम्या. "पाय चालत होते" म्हणे. आमच्या पायांनी काय पाप केलं होतं?

घाटातला_गियर:
😂 काकांचं रोशचं वाचून तर मला त्या गड्याची जरा भीतीच वाटायला लागली. काल त्याला फोन केला. तो म्हणाला, "कुणी मला सांगितलंच नव्हतं की ह्याच्यासाठी जायलोय म्हणून, मला वाटलं आपली नेहमीची राइड आहे". आता बघा, ठरलं ते व्हॉट्सअपवर रात्री साडेअकराला, आणि हा दहाला झोपतो. येत्या रविवारी अक्कलकोटला जायचंय, पहिली पंधरा किलोमीटर वारा हाच कापणार, स्वतःच म्हणालाय.
चहाचे पैसे मात्र मीच दिले होते.