पार्किंगमधली गोणी कोणी हलवू नका

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. फायर ऑडिटमध्ये लॉबीतले जुने ९ स्मोक डिटेक्टर बदललेत, जुने पार्किंगमध्ये वॉचमनच्या केबिनमागे गोणीत आहेत. उद्या भंगारवाला येणारे. कोणाचं काही द्यायचं असेल तर १० च्या आत खाली आणून ठेवा, नंतर आणलेलं परत वर न्यावं लागेल.

ए-२०२: सर ओम सायकल लावायला गेला होता, तो म्हणतोय एका डिटेक्टरच्या मागे पिवळं तीन पात्यांचं चिन्ह आहे, एक्स-रेच्या खोलीबाहेर असतं तसलं. खाली एएम-२४१ लिहिलंय

सी-७०१: रेडिओ स्टेशन असेल. विविध भारती लागतं का बघा

बी-१०१: अहो रेडिओऍक्टिव्ह आहे ते!!! माझी मुलगी रोज त्याच्याच खाली लिफ्टची वाट बघत उभी असते, इतकी वर्षं कोणीच कसं काही बोललं नाही, पोलिसांना कळवा आधी

बी-१०१: (मेसेज डिलीट केला)

सी-७०१: वाचला आम्ही

बी-५०४ काका: पोलीस नकोत. मी खाली जाऊन बघून आलो, गुडघे दुखतायत पण आलो. ते अमेरिशियम आहे, २४१ हा त्याचा वस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून एकूण. एका डिटेक्टरमध्ये साधारण एका ग्रॅमचा तीस-चाळीस लाखावा भाग एवढंच असतं. त्यातून अल्फा कण निघतात, म्हणजे २ प्रोटॉन २ न्यूट्रॉनचं गाठोडं. हे गाठोडं जड आणि आडदांड, समोर येईल त्याला धडकत जातं त्यामुळे हवेत ४-५ सेंटीमीटरमध्येच दमून बसतं. साधा कागद त्याला अडवतो, आपल्या कातडीचा वरचा मेलेला थर अडवतो. लॉबीचं छत आणि तुमच्या मुलीचं डोकं यात ६-७ फूट हवा आहे. थोडा मंद गॅमासुद्धा (एक्स-रेसारखा किरण) निघतो त्यातून पण इतक्याशा मालातून तो मोजायलाही चांगलं यंत्र लागेल.

बी-१०१: मग पिवळं चिन्ह कशाला लावतात

बी-५०४ काका: कारण फोडलं आणि त्याची धूळ श्वासातून आत गेली तर हाच अल्फा सगळ्यात वाईट. बाहेर कातडी होती, आत फुप्फुसाला तसलं कवच नाही आणि सगळी धडक तेवढ्याशा भागावरच. म्हणून उघडायचं नाही, ठोकायचं नाही, जाळायचं नाही आणि भंगारात तर अजिबात द्यायचं नाही. २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० गेलं होतं, एक माणूस दगावला त्यात. तो माल आपल्यापेक्षा कितीतरी जबरदस्त होता, तुलना नाही करत, पण भंगारवाल्याला आत काय आहे हे कळायला मार्ग नसतो आणि तो पहिल्यांदा काय करतो तर हातोडी घेतो.

सेक्रेटरी: भंगारवाल्याला नको म्हणून कळवतो. बाकीच्यांनी सामान आणू नये.

सी-७०१: आणून झालं. माझा कूलर लिफ्टमध्ये आहे

ए-२०२: काका मी ओम, आईच्या फोनवरून. अल्फा गेला की अणुक्रमांक (प्रोटॉनची संख्या) ९५ चा ९३ होणार ना, म्हणजे नेपच्युनियम २३७? आणि हे धूर कसं ओळखतं

बी-५०४ काका: बरोबर. आत दोन पट्ट्यांच्या मधे हवा असते, अल्फा त्या हवेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो म्हणून त्या हवेतून अगदी बारीक करंट वाहतो. धूर आला की ते भार आलेले रेणू, म्हणजे आयन, धुराच्या कणांना चिकटतात, करंट पडतो, भोंगा वाजतो. याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, ४३२ वर्षं आहे, म्हणजे सोसायटीचं रीडेव्हलपमेंट होऊन जाईल तरी हे चालूच.

सी-७०१: काका तुम्ही फार आशावादी. रीडेव्हलपमेंट ४३२ वर्षांत??

ए-२०२: काका बीटा डीकेत (अणूच्या न्यूक्लियसमधून, म्हणजे केंद्रातून, इलेक्ट्रॉन निघतो ते) मला एकच कळत नाही, न्यूक्लियसमध्ये इलेक्ट्रॉन नसतोच तर बाहेर कुठून येतो. सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेला नाही ते

बी-५०४ काका: तू टाळी वाजवतोस तेव्हा आवाज तळहातात भरून ठेवलेला असतो का? नसतो, वाजवताना तयार होतो. तसंच. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि त्या क्षणी इलेक्ट्रॉन जन्माला येऊन पळतो, सोबत एक अँटिन्यूट्रिनो. वस्तुमानांक तोच राहतो, अणुक्रमांक १ ने वाढतो. आणि त्या अँटिन्यूट्रिनोची गंमत खजिनदारांना आवडेल. अल्फा दर वेळी ठरलेली ऊर्जा घेऊन निघतो पण बीटाचा हिशोब जुळेचना, दर वेळी वेगवेगळी रक्कम कमी. काही मोठमोठे लोक म्हणायला लागले की ऊर्जा अक्षय्यतेचा नियमच इथे लागू नसेल. १९३० मध्ये पाउलीने सुचवलं की फरक घेऊन जाणारा एक न दिसणारा कण असणार. थोडक्यात सस्पेन्स खात्यात टाकलं, हिशोब न लागलेली रक्कम तात्पुरती टाकतात ना तसं.

खजिनदार: आणि मग

बी-५०४ काका: १९५६ मध्ये सापडला.

खजिनदार: २६ वर्षं सस्पेन्सला?? आमचा ऑडिटर ३ महिने ठेवू देत नाही

डी-४०३: काका माझ्या ऍक्टिवाच्या मागे रेडियमची पट्टी आहे ती काढू का आता

बी-५०४ काका: नको हो. नुसतं उजेड परत फेकणारं स्टिकर आहे ते, रेडियम फक्त नावापुरतं राहिलंय आपल्याकडे. खरं रेडियम जुन्या घड्याळांच्या काट्यांवर लावायचे. आजोबांचं तसलं घड्याळ कोणाकडे असेल तर मागचं झाकण उघडू नका. आणि ते आता अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असंही समजू नका, चमकणारा लेप खराब होतो, रेडियम १६०० वर्षांनी निम्मं होतं.

ए-३०३: काका थोडं वेगळं विचारते. आईचं आज सकाळी ९ ला पेट स्कॅनचं इंजेक्शन झालं, हॉस्पिटलमध्ये म्हणाले आजचा दिवस लहान मुलांना जवळ घेऊ नका. आता ती मागच्या खोलीत दार लावून बसलीये, ताट वेगळं काढ म्हणते, पिल्लू दाराबाहेर बसून रडतंय. किती दिवस असं ठेवायचं?

बी-५०४ काका: दिवस नाही गं बाई, तास. त्यांनी सांगितलंय तेवढं आज पाळा पण ताट वेगळं कशाला. ते फ्लोरिन-१८ असतं, ग्लुकोजसारख्या रेणूला चिकटवलेलं, त्याचा अर्धायुकाल ११० मिनिटं. दर ११० मिनिटांनी निम्मं. सकाळी ९ चं इंजेक्शन म्हणजे आज रात्री ९ ला शंभरातला जेमतेम एक भाग उरला, शिवाय लघवीवाटे जातं ते वेगळंच. भरपूर पाणी प्यायला सांगा त्यांना. थायरॉइडला आयोडीन-१३१ चा मोठा डोस देतात तेव्हा मात्र काही दिवस जपावं लागतं कारण त्याचा अर्धायुकाल ८ दिवस आहे, म्हणून एकीचे नियम दुसरीला लावत बसू नका.

ए-३०३: वाचून दाखवलं. आधी म्हणाली काकांना काय कळतंय, मग म्हणाली ९ ला चहा टाक

ए-२०२: फ्लोरिन म्हणजे पॉझिट्रॉनवाला (धन भाराचा इलेक्ट्रॉन) ना? बीटा प्लस

बी-५०४ काका: हो. तिथे उलटं, प्रोटॉनचा न्यूट्रॉन. ९ चं ८, फ्लोरिनचं ऑक्सिजन. पॉझिट्रॉन दोन-चार मिलिमीटरच्या आतच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही नाहीसे, त्या जागी दोन गॅमा बरोबर विरुद्ध दिशांना. मशीनच्या गोल कड्यावर समोरासमोर एकाच वेळी दोन टिंबं पडली की मधली रेघ मिळाली. अशा लाखो रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ग्लुकोज जास्त खाल्लं जातंय.

ए-२०२: मग गॅमा डीके म्हणजे काय, त्यात तर काहीच बदलत नाही. ना वर ना खाली

बी-५०४ काका: मूलद्रव्य बदलत नाही. अल्फा किंवा बीटा होऊन गेल्यावर उरलेला न्यूक्लियस पुष्कळदा अस्वस्थ असतो, तो शांत होताना जास्तीची ऊर्जा टाकतो ती गॅमा. कोबाल्ट-६० चं बीटाने निकेल होतं आणि ते निकेल लगेच २ गॅमा सोडतं, मायापुरीत मारलं ते या गॅमानं. बीटाला थोडा ऍल्युमिनियमचा पत्रा पुरतो, याला शिसं लागतं. एरवी हे शांत होणं क्षणात उरकतं पण टेक्नेशियम-९९एम नावाचा एक आळशी आहे, त्याला निम्मं व्हायला ६ तास लागतात. हाडांच्या स्कॅनला म्हणूनच तो वापरतात, टोचून, थांबून, फोटो काढायला वेळ मिळतो.

सी-७०१: केळ्यात पण असतं म्हणे रेडिएशन. व्हॉट्सऍपवर आलं होतं

बी-५०४ काका: असतं, पोटॅशियम-४०. आणि केळं सोडा, मोठ्या माणसाच्या स्वतःच्या अंगातच त्याचे सेकंदाला ४ हजारांच्या वर अणू फुटतात. पण माझा सगळ्यात लाडका तोच. शंभरातले ८९ बीटाने कॅल्शियम होतात, उरलेले जवळपास सगळे आपलाच आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन गिळून आर्गॉन होतात. याला इलेक्ट्रॉन कॅप्चर म्हणतात, ओम तुझ्या पुस्तकात यावर एखादीच ओळ असेल. आता बघ, लाव्हा पातळ असतो तोवर आर्गॉन वायू उडून जातो. दगड थिजला की नवा तयार होणारा आर्गॉन आतच अडकतो. किती पोटॅशियम, किती आर्गॉन मोजलं की दगडाचं वय. वेताळ टेकडीवर तू ज्या काळ्या दगडावर बसून वडापाव खातोस तो दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, हे या गिळलेल्या इलेक्ट्रॉनांवरून कळलं.

ए-२०२: काका भारी 🔥

ए-२०२: ओमची आई बोलतेय. काका त्याला उद्या संध्याकाळी पाठवू का तासभर?

बी-५०४ काका: पाठवा. वही घेऊन. फोन न घेता.

सेक्रेटरी: अपडेट. काकांनी सांगितल्याप्रमाणे ९ ही डिटेक्टर न उघडता मागचं लेबल बघितलं. २ वर चिन्ह आहे, ७ आतल्या उजेडाच्या झोताने धूर ओळखणारे साधे आहेत. ते २ खोक्यात घालून वर लेबल लावून ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवलेत. ज्यांच्याकडून घेतले त्यांना मेल केलाय, परत न्यायला शनिवारी माणूस पाठवतो म्हणाले. ७ ई-कचऱ्यात जातील.

खजिनदार: माणूस आला की पावती घ्या. आणि भंगाराचे या महिन्यात ३५० धरले होते ते आता येणार नाहीत, कुठे दाखवू

सी-७०१: सस्पेन्सला

सी-७०१: आणि कूलर अजून लिफ्टमध्येच आहे, कोणीतरी खाली या