मदत हवी आहे: ‘टॉमचं आणि माझं घर’ इंग्रजीत कसं लिहायचं?

मालकी दाखवणाऱ्या अपॉस्ट्रॉफीचे (’ या खुणेचे) साधे नियम पाठ आहेत. एकवचनी ‘बॉय’ला अपॉस्ट्रॉफी आणि मग एस; अनेकवचनी ‘बॉइज’च्या शेवटी एस आधीच आहे, म्हणून नुसता अपॉस्ट्रॉफी. ‘चिल्ड्रन’ अनेकवचनी असूनही एस नाही, म्हणून तिथे पुन्हा अपॉस्ट्रॉफी-एस. (साधं अनेकवचन ‘बॉइज’ आणि बॉयची ही दोन्ही मालकीची रूपं कानाला सारखीच, त्यामुळे बोलताना चूक झाकली जाते!)

दोघांची मिळून एकच वस्तू असेल तर खूण फक्त शेवटच्या नावाला: ‘टॉम अँड मेरीज हाउस’. पण मेरीच्या जागी मी आले की गाडी अडते. ‘टॉम अँड माय हाउस’ लिहिलं, ते अर्धवट वाटलं. ‘टॉम अँड आयज’ तर उघडच चूक. ‘अवर हाउस’ नको, नाव यायलाच हवं. औपचारिक पत्रात ‘टॉम’लाही अपॉस्ट्रॉफी-एस लावून ‘टॉम्स अँड माय हाउस’ लिहिलं, तर दोन वेगळी घरं असा अर्थ निघेल का?