वॉशिंग मशीन घरीच दुरुस्त केलंय का कुणी? अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात आमचं फ्रंट लोड पाण्यानं भरलेलं असतानाच अडकलं. आत चादरी, दार लॉक, आणि पंपाची नुसती घुंघुं. मेकॅनिक चार दिवसांनी येणार म्हणाला, तेवढे दिवस चादरी साबणाच्या पाण्यात कुजवायच्या का, म्हणून मॅन्युअल काढून बसले. पुढच्या बाजूला खाली एक छोटं झाकण असतं हे मला सहा वर्षं वापरूनही माहीत नव्हतं! प्लग काढला, गरम पाण्याची सायकल होती म्हणून पाणी निवेपर्यंत थांबले, मग झाकणामागची बारीक नळी ओढून ताटात पाणी सोडायचं, ताट भरलं की बूच लावायचं, ओतून यायचं, असं पंधरा-सोळा वेळा केलं. मग फिल्टर फिरवून काढला तर त्यात केसांची पिन, एक बटण आणि धाग्यांचा ओला लगदा. पण तेवढं साफ करून थांबू नका, फिल्टर निघाला की टॉर्च मारून आत बघा, तिथे पंपाचा चिमुकला पंखा असतो, माझी खरी अडचण तिथेच होती, पंख्याला दोरा गुंडाळला गेला होता. तो चिमट्याने काढला आणि पंखा बोटाने फिरवून बघितला. तो गुळगुळीत फिरत नाही, झटके देत फिरतो, आत चुंबक असतं म्हणून, त्याला घाबरू नका.

तुम्ही काय काय केलंय? आणि कुठे हात घालू नये तेही सांगा.

----

आमच्याकडे उलटं, पाणी भरतच नव्हतं. नळाला धो धो पाणी आणि मशीनमध्ये करंगळीएवढी धार. नळ बंद करून मागची इनलेट नळी सोडवली तर तोंडाशी असलेली जाळी गाळाने बंद झालेली. पक्कडीने हळूच ओढून जुन्या टूथब्रशने घासली, दहा मिनिटांचं काम. नळी परत लावताना आतला वायसर जागेवर आहे ना तेवढं बघा नाहीतर गळत बसते.

----

पाणी भरतंय, भरतंय, थांबतच नाही, धुणं पुढे सरकत नाही. मला सांगितलं पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय, बदलावा लागेल. माझा विश्वास बसेना. बाथरूम धुताना ड्रेनची नळी हुकातून काढून जमिनीवर टाकली होती आणि तशीच राहिली, त्यामुळे भरलेलं पाणी सायफनने आपोआप निघून जात होतं. नळी वर अडकवली, झालं. ताई, म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो की आधी नळ्या बघा, बोर्डाचं नंतर.

----

मी मोटरींचीच कामं करतो म्हणून जरा कळकळीने लिहितोय. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मोटर हुं करते पण फिरत नाही, तर बऱ्याचदा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) गेलेला असतो. बदलणं सोपं आहे, त्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच घ्यायचा. पण प्लग काढला म्हणजे धोका संपला असं अजिबात समजू नका, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि जोरदार झटका बसतो. तो डिस्चार्ज कसा करायचा हे माहीत नसेल तर मागचं कव्हर उघडूच नका, हे काम माहितगारालाच करू द्या.

----

+१ दादा.

आमचं नवंकोरं मशीन स्पिनला भिंतीपासून दोन फूट पुढे चालत आलं होतं. मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट, काढलेलेच नव्हते. काढल्यावर शांत. ते टाकू नका, घर बदलताना परत लागतात.

----

माझा अनुभव फसलेला आहे पण लिहितो. स्पिनला विमानासारखी घरघर, रिकामा ड्रम हाताने वर-खाली केला की खडखड हलायचा, म्हणजे बेअरिंग. अख्खा रविवार घालवून सगळं सुटं केलं आणि बघतो तर बाहेरचा टब दोन अर्ध्या भागांचा, पण वेल्ड करून कायमचा जोडलेला, स्क्रू नाहीतच. कापल्याशिवाय बेअरिंगपर्यंत पोचता येत नाही. फार वाईट वाटलं. तुमच्या मॉडेलचा टब उघडतो का ते आधी नक्की करा, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

----

सगळं वाचून आत्ता आमचीही इनलेटची जाळी काढून बघितली. अर्धी वाळूने भरलेली आहे, व्हिनेगरमध्ये भिजत टाकलीये.